'म्हणे'ची नीती : विकेंद्रित संवादजाळ्यांतील गप्पा, बातमी आणि पुनःकथन

१

मराठी बोलण्यात 'म्हणे' ह्या लहानशा शब्दाला वेगळे स्थान आहे. 'म्हणणे' ह्या क्रियापदाशी त्याचे नाते उघड असले, तरी 'तो म्हणे काल गाव सोडून गेला' ह्या वाक्यात तो क्रियापदाचे काम करीत नाही. म्हणणारा कोण, हे तो सांगत नाही. कर्त्याच्या लिंगवचनाशी त्याला कर्तव्य नसते. आणि तो वगळला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्णच राहते. वाक्यातील मजकूर वक्त्याने स्वतः पाहिलेला नाही, तो इतरांच्या तोंडून त्याच्याकडे आलेला आहे, एवढीच सूचना हा शब्द श्रोत्याला देतो. ज्ञानाचा उगम दर्शवणारी अशी साधने अनेक भाषांत आढळतात. तुर्कीसारख्या भाषेत ती क्रियापदाच्या रूपातच गुंफलेली असतात. मराठीत मात्र 'म्हणे' वापरायचे की गाळायचे हे वक्ता ठरवतो, आणि त्यामुळेच त्याच्या वापराला नैतिक मोल प्राप्त होते.

हे मोल एकेरी नाही. 'म्हणे' ही प्रामाणिकपणाची खूण असू शकते : जेवढे ठाऊक आहे त्याहून अधिक ठाऊक असल्याचा आव वक्ता आणीत नाही. परंतु तीच एक पळवाटही असू शकते. 'अमक्याने म्हणे पैसे खाल्ले' ह्या वाक्याने आरोप तर पोहोचतो, पण आरोप करणारा कोणी उरत नाही. वृत्तपत्रीय मराठीने 'असे समजते', 'असे कळते' ह्या रूपांतून हीच दुहेरी सोय करून घेतली आहे. सारांश, ऐकलेले सांगणे ही एक स्वतंत्र भाषिक कृती आहे. तिची जबाबदारी पाहिलेले सांगण्याच्या जबाबदारीहून वेगळी आहे. आणि ही वेगळीक व्यक्त करण्याची साधने भाषेने घडवलेली आहेत.

ऐकलेले पुढे सांगण्याची कृती भाषेबाहेर काढून एका कळीवर आणून ठेवली, म्हणजे 'म्हणे' म्हणण्याची जागाच उरली नाही, तर ह्या जबाबदारीचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. विकेंद्रित सामाजिक संवादजाळ्यांत तो विशेष स्पष्टपणे उभा राहतो. कारण एरवी ज्याच्याकडे बोट दाखवता येते असा मालक तेथे नसतो.

२

'विकेंद्रीकरण' हा शब्द मराठी वाचकाच्या कानाला अनुकूल आहे. गांधी-विनोबांच्या ग्रामविचारातून आणि १९६२ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या जिल्हा परिषदांच्या व्यवहारातून तो रुळला. सत्ता जितकी खाली उतरेल तितकी ती अधिक उत्तरदायी होईल, हा त्यामागचा विश्वास. संगणकीय संवादाच्या क्षेत्रात हाच विश्वास २००८ साली सुरू झालेल्या 'आयडेंटिका' ह्या सेवेत, पुढे २०१० मधील 'डायस्पोरा'त आणि २०१६ साली जर्मनीत ऑयगेन रोच्को ह्या तरुण संगणकतज्ज्ञाने सुरू केलेल्या 'मॅस्टोडॉन'मध्ये दिसतो. जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 'ॲक्टिव्हिटीपब' ह्या प्रोटोकॉलला शिफारशीचा दर्जा दिला, आणि निरनिराळ्या सर्व्हरांनी परस्परांशी कसे बोलावे ह्याचा एक सार्वजनिक संकेत सिद्ध झाला.

ह्या जाळ्यांची रचना थोडक्यात अशी. कोणी हौशी व्यक्ती, कोणी संस्था, कोणी सरकारी खाते आपापला सर्व्हर चालवते. प्रत्येकाचे नियम व नियंत्रक वेगळे असतात. परंतु प्रोटोकॉल सामाईक असल्याने एका सर्व्हरवरील माणूस दुसऱ्यावरील माणसाशी, ईमेलप्रमाणेच, सहज बोलू शकतो. संपूर्ण जाळे कोणाच्याच मालकीचे नसते. मालकाविषयीचा असंतोष हेच पुष्कळदा इकडे येण्याचे कारण ठरले आहे. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते बंद केले गेल्यानंतर, आणि जातिद्वेषाच्या भाषेबाबत ते माध्यम पक्षपाती आहे असा आरोप होत असताना, नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर इलॉन मस्क यांच्या हाती गेल्यावर जगभर असेच घडले; मॅस्टोडॉनच्या दरमहा सक्रिय वापरकर्त्यांची संख्या थोड्या आठवड्यांत सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेल्याचे त्याच्या चालकांनी त्या वेळी जाहीर केले. त्यांतील बरेच जण पुढे परतले; पण संवादाची एक वेगळी रीत पुष्कळांनी अनुभवली.

ह्या रीतीतील एक गोष्ट नैतिक चर्चेच्या दृष्टीने निर्णायक आहे. मालकीच्या माध्यमांत कोणाला काय दिसावे हे बव्हंशी गणिती सूत्र ठरवते. प्रक्षोभक मजकूर अधिक पसरला तर दोष सूत्राला आणि सूत्राच्या मालकाला देता येतो, आणि तो पुष्कळदा योग्यही असतो. मॅस्टोडॉनच्या मुख्य प्रवाहात मात्र पोस्टी कालक्रमानेच दिसतात. एखादी पोस्ट कितीजणांना आवडली ह्याने तिचे तेथील स्थान बदलत नाही. ती एका वर्तुळातून दुसऱ्यात जाते ती प्रामुख्याने कोणीतरी 'बूस्ट'ची कळ दाबून पुढे पाठवल्यामुळे. चर्चेत असलेल्या दुव्यांची वेगळी यादी असते खरी. पण तीही सर्व्हरच्या नियंत्रकाने पाहून मान्य करावी अशी मूळ योजना आहे. म्हणजे येथे बातमी पसरते ती माणसांच्या हातांनी. यंत्राकडे बोट दाखवण्याची सोय जवळजवळ संपलेली असते. विकेंद्रीकरणाने जबाबदारी नाहीशी होत नाही. नाहीशी होते ती सबब.

३

सबब गेली, पण जबाबदारी नेमकी कोणाची? अर्व्हिंग गॉफमन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९८१ सालच्या आपल्या संभाषणविषयक ग्रंथात 'वक्ता' ही वरवर एकसंध दिसणारी भूमिका तीन भागांत विभागून दाखवली आहे : शब्द प्रत्यक्ष उच्चारणारा, शब्दांची रचना करणारा, आणि त्या शब्दांनी ज्याची भूमिका व्यक्त होते असा उत्तरदायी. रोजच्या बोलण्यात ह्या तिन्ही भूमिका बहुधा एकाच माणसाकडे असतात. बूस्टमध्ये त्या फुटतात. रचनाकार दुसरा कोणी असतो. त्याचे नाव पोस्टीवर कायम राहते. पुढे पाठवणारा उच्चारक आहे, पण उच्चारकाजवळ जो आवाज असतो तो त्याच्याजवळ नाही. त्याला चेहरा वाकडा करता येत नाही, सूर बदलता येत नाही, 'म्हणे' म्हणता येत नाही. आणि उत्तरदायी कोण, हे पद रिकामेच राहते. 'बूस्ट म्हणजे सहमती नव्हे' असे वाक्य अनेकजण आपल्या परिचयात लिहून ठेवतात. हे एकदाच म्हणून ठेवलेले 'म्हणे' होय. ते प्रत्येक विधानाबरोबर जात नाही, आणि सगळ्या विधानांना सारखेच लागू असल्यामुळे कोणत्याच विधानाविषयी काही सांगत नाही.

भारतीय ज्ञानमीमांसेत ह्या प्रश्नाचा विचार शब्दप्रमाणाच्या अंगाने झालेला आहे. न्यायदर्शनात आप्ताचे वचन प्रमाण मानले आहे. आप्त कोण, ह्याचे वात्स्यायनाने केलेले विवरण आजही विचारणीय आहे : ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ ह्या सर्वांना सारखेच लागू पडते. विश्वासार्हता येथे जन्माशी वा पदाशी बांधलेली नाही, ती जाणणे आणि सांगणे ह्यांच्यातील प्रामाणिक संबंधाशी बांधलेली आहे. विकेंद्रित जाळ्याचा आदर्श ह्याहून फार वेगळा नाही : तेथेही मोठ्या वृत्तसंस्थेचा शब्द आणि एखाद्या अनोळखी प्रत्यक्षदर्शीचा शब्द एकाच आकाराच्या चौकटीत येतो.

परंतु न्यायपरंपरेने आणखी एक प्रकार विचारात घेतला होता, आणि आजच्या प्रश्नाशी त्याचेच नाते अधिक जवळचे आहे. 'ऐतिह्य' हे स्वतंत्र प्रमाण मानावे काय, अशी शंका न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात उपस्थित केली आहे. ज्याचा मूळ वक्ता सांगता येत नाही अशी, एकाकडून दुसऱ्याकडे चालत आलेल्या बोलण्याची परंपरा म्हणजे ऐतिह्य. ते 'म्हणे'चेच शास्त्रीय नाव म्हणता येईल. ऐतिह्याला वेगळे प्रमाण मानण्याची आवश्यकता नाही, त्याचा शब्दातच अंतर्भाव होतो, असा नैयायिकांचा निर्णय आहे. त्याचा नैतिक अन्वयार्थ असा लावता येईल : परंपरेने आलेल्या बोलण्याला स्वतःचे असे वेगळे बळ नाही, त्याचे बळ असेल तर ते साखळीतील माणसांच्या आप्तत्वाइतकेच. तेव्हा पुनःकथन करणाऱ्यालाही आप्तत्वाची कसोटी लागू होते, मात्र थोड्या बदललेल्या रूपात. त्याने घटना पाहिलेली असावी अशी अपेक्षा करता येत नाही. पण ज्याच्याकडून ती आली त्याने ती पाहिली असावी असे मानण्यास काय आधार आहे, हे त्याने पाहिलेले असावे. आणि तो आधार जेवढा पक्का वा कच्चा असेल तेवढाच तो सांगण्याची त्याला इच्छा असावी. दुसऱ्या अटीसाठी बूस्टच्या कळीत जागा नाही, ही अडचण येथे नेमकेपणाने दिसते.

४

ह्यावर एक स्वाभाविक आक्षेप असा की, ही कसोटी बातमीला लावणे ठीक. पण ह्या जाळ्यांवर माणसे मुख्यतः गप्पा मारतात. सकाळचा चहा, पाऊस, मांजराचे छायाचित्र, वाचत असलेले पुस्तक असा तेथील रोजचा ऐवज असतो. मालिनोव्स्कीने १९२३ साली अशा बोलण्याचे कार्य माहिती देणे नसून सहवासाचा धागा जोडणे हे असल्याचे दाखवले. आणि याकबसनने १९६० साली भाषेच्या सहा कार्यांत संपर्क राखणाऱ्या कार्याला स्वतंत्र स्थान दिले. 'काय, जेवण झाले का?' ह्या प्रश्नाला प्रमाणाची कसोटी लावणे हास्यास्पद होईल.

आक्षेप रास्त आहे. पण खरी अडचण त्याच्या पोटातच आहे. ह्या जाळ्यांत गप्पा आणि बातमी एकाच प्रवाहात, एकाच आकारात, एकाच माणसाच्या नावाखाली येतात. सकाळी ज्याच्या मांजराचे कौतुक केले त्याच्याकडूनच दुपारी दंगलीची वार्ता येते, आणि गप्पांतून जमलेला विश्वास बातमीच्या खात्यावर जमा होतो. छोट्या सर्व्हरवर, जेथे माणसे एकमेकांना नावानिशी ओळखतात, ही उसनवारी अधिकच सहज होते. विकेंद्रित जाळ्याचे जे सर्वांत लोभस वैशिष्ट्य, म्हणजे त्याची ऊब, तेच येथे धोक्याचे ठिकाण ठरते.

हा धोका पुरुषवाचक सर्वनामांच्या भाषेत अधिक स्पष्ट करता येतो. गप्पा 'मी' आणि 'तू' ह्यांच्यामध्ये चालतात. दोघेही हजर असतात, दोघांनाही उत्तर देता येते, गैरसमज झाला तर तो जागच्या जागी फेडता येतो. बातमी मात्र बहुधा 'तो', 'ती', 'ते' ह्यांच्याविषयी असते. फ्रेंच भाषावैज्ञानिक एमील बाँव्हनिस्त याने १९४६ सालच्या आपल्या निबंधात दाखवल्याप्रमाणे तृतीय पुरुष हा खऱ्या अर्थाने संवादातील पुरुष नसतोच. अरबी वैयाकरणांनी त्याला 'अनुपस्थित' असे नाव दिले, ह्याकडे त्याने लक्ष वेधले आहे. ज्याच्याविषयी बोलले जाते तो बोलण्याच्या वर्तुळात नसतो. पुनःकथनाची नीती ह्या अनुपस्थिताच्या संदर्भात सुरू होते. 'मी' आणि 'तू' ह्यांतील स्नेह कितीही खरा असो, त्या स्नेहाची किंमत तिसऱ्याला मोजावी लागू शकते.

हे केवळ तार्किक विधान नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षेसाठी गावोगाव फिरणाऱ्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्यापूर्वीचे काही आठवडे ह्या आशयाचे संदेश व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होते. व्हॉट्सॲप हे एका कंपनीच्या मालकीचे माध्यम आहे, विकेंद्रित जाळे नव्हे. परंतु त्यातील संदेशांचा प्रसार सूत्राने होत नाही, हातोहात होतो, म्हणून हे उदाहरण येथे प्रस्तुत ठरते. संदेश पुढे पाठवणाऱ्यांतील बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता. ओळखीच्या माणसांच्या मुलांना जपावे, हीच 'मी-तू'ची काळजी त्यामागे होती. त्या काळजीच्या कक्षेत 'ते' नव्हते. आणि ज्यांच्याविषयी बोलले जात होते त्या भटक्या माणसांना त्या गटांत जाऊन 'हे आम्ही नव्हे' असे म्हणण्याची सोयही नव्हती. त्याच महिन्यात कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागण्याची आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येण्याची व्यवस्था केली. ही खूण म्हणजे यंत्राने लावलेले 'म्हणे'च. पण ते वक्त्याने उच्चारलेले नसते, त्याच्या वतीने चिकटवलेले असते.

५

बातमी चुकीची निघाली तर काय, हा ह्यापुढचा प्रश्न. वृत्तपत्रातील चूक त्याच वृत्तपत्रात दुरुस्त होते आणि निदान तत्त्वतः त्याच वाचकांपर्यंत जाते. मालकीच्या माध्यमात मूळ पोस्ट एकाच ठिकाणी असते. तिच्यावर इशारा चिकटवता येतो किंवा ती काढून टाकता येते. विकेंद्रित जाळ्यात मात्र पोस्ट ज्या ज्या सर्व्हरवर पोहोचते तेथे तिची प्रत तयार होते. मूळ लेखकाने ती पुसली तर पुसण्याचा निरोप इतर सर्व्हरांकडे जातो. पण तो पाळण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. उत्तरांचेही तसेच. एखाद्या पोस्टीखाली दिसतात ती त्या त्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेली उत्तरे. राहिलेली उत्तरे शोधून आणण्याच्या सोयी अलीकडे झाल्या असल्या, तरी सर्वांना सर्वत्र सारखाच दिसेल असा संवाद कोठेच नसतो. एकाला बातमी आणि तिच्याखालचे खंडन दोन्ही दिसतात. दुसऱ्याला केवळ बातमी.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित वाटू नये. मुद्रणपूर्व काळातील संहिता अशाच जगत होत्या. प्रत्येक नक्कल हा एक नवा पाठ, आणि सर्व प्रतींवर हुकमत चालवणारे केंद्र कोठेच नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले, ते ह्याच स्थितीत. त्या शुद्ध प्रतीला मान्यता मिळाली ती सक्तीने नव्हे. नक्कल करणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी ती स्वीकारली म्हणून ती टिकली. विकेंद्रित व्यवस्थेत शुद्धी ही पुढे नेणाऱ्यांच्या सहकार्यानेच पसरते, एवढा बोध त्यातून घेता येतो. मात्र एक फरक विसरता कामा नये. ग्रंथातील पाठभेद काही शतके थांबू शकतो. जिवंत माणसाविषयीची खोटी बातमी दुपारपर्यंतही थांबत नाही.

ह्या संदर्भात मॅस्टोडॉनमधील एक छोटी योजना अर्थपूर्ण आहे. २०२२ साली तेथे प्रसिद्ध पोस्टीत दुरुस्ती करण्याची सोय आली तेव्हा, ज्यांनी ती पोस्ट बूस्ट केली असेल त्यांना दुरुस्तीची सूचना जावी, अशी तरतूद केली गेली. ज्याने दुसऱ्याचे शब्द पुढे नेले त्याचा त्या शब्दांशी असलेला संबंध कळ दाबल्याबरोबर संपत नाही, हे तत्त्व ह्या तरतुदीत गृहीत धरलेले दिसते. परंतु यंत्र फक्त कळवते. आपल्या वर्तुळाला 'काल पाठवले ते तसे नव्हते' असे सांगणे हे ज्याने त्याने करायचे असते. बातमी पुढे नेण्यास एक क्षण लागतो, दुरुस्ती पुढे नेण्यास थोडी लाज गिळावी लागते. पुनःकथनाच्या नीतीचे खरे वजन ह्या दुसऱ्या कृतीवर पडते.

६

व्यक्तीने हे केले नाही तर समूहाच्या हाती काय उरते? विकेंद्रित जाळ्यात शिक्षा देणारे केंद्र नसल्यामुळे एकच मोठे साधन राहते : संबंध तोडणे. एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरशी सगळे दळणवळण बंद करू शकतो. जुलै २०१९ मध्ये 'गॅब' हे द्वेषमूलक प्रचारासाठी कुप्रसिद्ध असलेले माध्यम मॅस्टोडॉनची प्रणाली वापरू लागले, तेव्हा शेकडो स्वतंत्र चालकांनी आपापल्या निर्णयाने त्याच्याशी संबंध तोडले आणि ते एकटे पडले. केंद्राविना नैतिक निर्णय होऊ शकतो, ह्याचे हे उदाहरण म्हणून दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे.

परंतु ह्याच साधनाची दुसरी बाजूही दिसून आली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पत्रकारांसाठी 'जर्ना डॉट होस्ट' हा सर्व्हर उभा राहिला. पारलिंगी मुलामुलींच्या औषधोपचारांविषयीच्या एका वृत्तलेखाचा दुवा तेथील एका सदस्याने दिल्यावरून वाद उसळला, आणि अनेक सर्व्हरांनी त्या संपूर्ण सर्व्हरशीच संबंध तोडले. त्या दुव्याबाबत कोणाचे काय मत असेल ते असो. ज्यांचा त्या वादाशी काहीही संबंध नव्हता अशा पत्रकारांचे बोलणेही त्यामुळे अनेकांपर्यंत जाणे थांबले. एकाच्या बोलण्याची शिक्षा त्याच्या वस्तीला मिळाली. मराठीत ह्या कृतीसाठी जुना शब्द आहे : वाळीत टाकणे. त्या शब्दामागचा अनुभव किती दाहक आहे हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध ह्या राज्याला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला आणि तो २०१७ पासून अमलात आला. दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या नव्हेत. सर्व्हर बदलता येतो, जात बदलता येत नाही. आणि ज्याच्याशी बोलायचे नाही त्याच्याशी न बोलण्याचा हक्कही खराच आहे. तरीही दंडाची रीत तीच असल्यामुळे सावधगिरी आवश्यक ठरते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी गावाच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली, तिचे मर्म येथे आठवावे. लहान समूह जवळचा असतो. म्हणून तो न्यायी असतोच असे नाही. विकेंद्रीकरणाने सत्ता लहान होते, पण लहान सत्तेची नजर अधिक जवळून रोखलेली असते.

७

ह्या विवेचनावर सर्वांत गंभीर आक्षेप असा घेता येईल की, पुनःकथनावर जबाबदारीचे ओझे टाकले तर ते दुर्बलांवरच अधिक पडेल. ज्यांची साक्ष ठाण्यात नोंदली जात नाही, ज्यांच्या वस्तीत वार्ताहर जात नाही, त्यांच्यावरील अन्यायाची वार्ता पुष्कळदा 'म्हणे'च्या रूपानेच बाहेर येते. पुरावा आणा, मग बोला, ही मागणी इतिहासात बहुतेक वेळा वरच्यांनी खालच्यांकडे केलेली आहे. २०१९ साली अनेक भारतीय ज्या कारणाने नव्या जाळ्याकडे वळले, त्यात जातीविषयीची ही जाणीव होतीच. सिद्ध झाल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नये असा नियम केला, तर स्थापित वृत्तसंस्थांखेरीज कोणालाच बोलता येणार नाही, आणि विकेंद्रीकरणाचा हेतूच नष्ट होईल.

हा आक्षेप मान्य करूनच नीती मांडली पाहिजे. येथे प्रतिपादलेली जबाबदारी सिद्धतेची नाही, उत्तरदायित्वाची आहे. दोहोंत फरक आहे. सिद्धता मागणारा विचारतो, 'हे खरे कशावरून?' उत्तरदायित्व मागणारा विचारतो, 'हे तुला कोठून कळले, तुला किती खात्री आहे, आणि हे चुकीचे निघाले तर तू परत येऊन सांगशील काय?' ह्या प्रश्नांची उत्तरे देण्यास सत्ता लागत नाही, साधने लागत नाहीत. ती दुर्बलाला जितकी शक्य आहेत तितकीच सबलाला. किंबहुना सबल माणूसच ती बहुधा टाळतो. शिवाय अनुपस्थिताची कसोटी दोन्ही बाजूंना सारखी वागवत नाही. ज्याच्याविषयी बोलले जाते तो सत्ताधारी असेल तर त्याला उत्तर देण्याचे शंभर मार्ग असतात. तो राईनपाड्याच्या वाटेवरचा भिक्षेकरी असेल तर एकही नसतो. ज्याला उत्तर देता येणार नाही त्याच्याविषयी बोलताना 'म्हणे' अधिक जपून उच्चारावे, एवढाच ह्याचा अर्थ.

ह्या दृष्टीने 'अवतरणा'चा प्रश्न उद्बोधक आहे. दुसऱ्याची पोस्ट स्वतःच्या वाक्यासह पुढे पाठवण्याची सोय मॅस्टोडॉनने अनेक वर्षे जाणूनबुजून ठेवली नव्हती. अशा सोयीचा उपयोग इतरत्र दुसऱ्याला चव्हाट्यावर आणून हिणवण्यासाठी होत असल्याचा अनुभव हे त्याचे कारण होते. परिणामी एक विचित्र पेच निर्माण झाला. हिणवणे टळले, पण त्याबरोबर 'म्हणे' म्हणण्याची जागाही गेली. २०२५ साली ही सोय अखेर दिली गेली, ती मूळ लेखकाला आपले अवतरण कोणी करावे हे ठरवण्याचा आणि केलेले अवतरण मागे घेण्याचा अधिकार देऊन. पुनःकथन करणाऱ्याची दोन कर्तव्ये ह्या तडजोडीत मान्य झालेली दिसतात : ज्याचे शब्द नेले त्याच्याविषयीचे आणि ज्यांच्यापर्यंत नेले त्यांच्याविषयीचे. तिसरे कर्तव्य, ज्याच्याविषयी ते शब्द आहेत त्याच्याबद्दलचे, कोणत्याही रचनेत बसवता आलेले नाही. ते बसवता येईल असेही वाटत नाही. कारण रचना हजर असलेल्यांनाच अधिकार देऊ शकते.

संस्कृत व्याकरणात 'तो' हा प्रथम पुरुष आहे, 'तू' मध्यम आणि 'मी' उत्तम. हा केवळ रूपे चालवण्याचा क्रम आहे, त्यातून नीतीचा सिद्धांत काढणे अयोग्य होईल. तरीही कळ दाबण्यापूर्वी मोजणीचा तोच क्रम धरता येण्यासारखा आहे : ज्याच्याविषयी हे आहे त्याचा विचार आधी, ज्याला सांगायचे त्याचा नंतर, आणि सांगणाऱ्याच्या उत्साहाचा सर्वांत शेवटी.